आसक्ताची साक्ष

इंग्लंडमधील कोणत्याही फुटबॉल क्लबाच्या निष्ठावंत पाठिराख्याशी थोडा वेळ बोलत बसले, तर खेळाडूंच्या गुणदोषांची चर्चा संपण्याच्या आतच एक फिर्याद हटकून पुढे येते. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवरील भाष्यकार आपल्या क्लबाशी वैर धरून आहेत, आपल्या खेळाडूची आगळीक मथळ्यात झळकते आणि प्रतिस्पर्ध्याची तीच आगळीक आतल्या पानावर चार ओळींत आटोपली जाते, आपला विजय दैवाने पदरात टाकलेला आणि त्यांचा विजय मात्र कर्तबगारीचा ठरतो, अशी ती फिर्याद असते. मँचेस्टरचा माणूस ती लंडनच्या वृत्तपत्रांविरुद्ध करतो, लीड्सचा आणि न्यूकॅसलचा करतो, आणि ज्या लंडनवर या सर्वांचा रोख, त्या लंडनमधील आर्सेनलचा व टॉटनहॅमचा पाठिराखाही तितक्याच तळमळीने तीच फिर्याद दाखल करतो. मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे व्यवस्थापक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी तर आपल्या मुलाविषयीच्या एका कार्यक्रमावरून रुष्ट होऊन २००४ पासून २०११ पर्यंत बीबीसीला मुलाखत देणेच बंद ठेवले होते. आता सर्वच वृत्तपत्रे सर्वच क्लबांविरुद्ध एकाच वेळी कट करीत असतील, हे संभवत नाही. तेव्हा फिर्यादींपैकी बहुतेकांच्या दृष्टीतच काही दोष असला पाहिजे, असे तटस्थ माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

हा दोष मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगानेही दाखवून दिला आहे. १९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा एक सामना झाला. तो इतका आडदांडपणाने खेळला गेला, की प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले आणि डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघा संशोधकांनी दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच चित्रफीत दाखवली आणि नियमभंग मोजावयास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे नियमभंग आपल्या संघाच्या दुपटीहूनही अधिक दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना मात्र दोन्ही संघ जवळजवळ सारखेच दोषी वाटले. १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून याहून गंभीर विषयावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. बैरूतमधील १९८२ च्या हत्याकांडासंबंधीच्या दूरचित्रवाणीवरील त्याच त्या बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, तेव्हा दोन्ही गटांनी त्या बातम्या आपल्याच पक्षाविरुद्ध रचलेल्या आहेत असा निर्वाळा दिला. डोळ्यांपुढील वस्तू एक आणि पाहणारी मने दोन असली, की दर्शनेही दोन होतात, हे यावरून मान्य करावे लागते.

येथे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्याच्या अंतःकरणात एखाद्या पक्षाविषयी प्रेम आहे, त्याची त्या पक्षासंबंधीची साक्ष ग्राह्य धरावी काय? नैयायिकांनी राग, द्वेष आणि मोह यांची गणना दोषांत केली. व्यासांनी तर पुत्रप्रेमाने न्यायबुद्धी कशी लयास जाते, याचे उदाहरण म्हणून एक अख्खा राजा सिंहासनावर बसवला. या परंपरेत वाढलेल्या माणसाला सहज असे वाटते, की ज्याला काही हवे आहे त्याचे ऐकू नये आणि ज्याला काहीच नको आहे त्याचे प्रमाण मानावे. मला मात्र हा निष्कर्ष अपुरा वाटतो, आणि समाजाच्या व्यवहारात तो वापरला गेला तर क्रूरही ठरतो असे माझे मत आहे. त्याचे कारण सांगावयाचे तर शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी जे घडले, आणि त्यापेक्षाही त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत जे घडले, तिकडे वळले पाहिजे.

त्या दिवशी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या लोकांना मैदानाची लेपिंग्ज लेनकडील बाजू नेमून दिली होती. तेथे उभे राहून सामना पाहण्याची जागा लोखंडी कुंपणांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेली होती आणि मैदानाच्या बाजूलाही उंच जाळी होती. सामना तीन वाजता सुरू व्हावयाचा. अडीचच्या पुढे बाहेरच्या अरुंद फाटकांशी गर्दी इतकी दाटली, की तेथेच माणसे चिरडतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा बंदोबस्ताचे मुख्य अंमलदार डेव्हिड डकनफील्ड यांनी दोन वाजून बावन्न मिनिटांनी बाहेर पडण्याचे एक मोठे फाटक उघडण्याचा हुकूम दिला. फाटकासमोरच एक बोगदा होता, तो मधल्या दोन कप्प्यांकडे जात होता, आणि ते दोन्ही कप्पे आधीच तुडुंब भरलेले होते. बोगद्याचे तोंड बंद करण्याचे कोणालाही सुचले नाही. लोक आत शिरले, पुढचे जाळीवर दाबले गेले, आणि तीन वाजून सहा मिनिटांनी पंचांनी खेळ थांबवला तेव्हा कित्येकांचे श्वास उभ्याउभ्याच थांबले होते. जे वाचले त्यांनी जाहिरातींच्या फळ्या उखडून त्यांच्या डोल्या केल्या आणि त्यांवरून मृत व मरणोन्मुख माणसांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे वाहून नेले. या घटनेतील मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. त्यांतील सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

माणसे मरत असतानाच पहिले असत्य उच्चारले गेले. फाटक लिव्हरपूलच्या लोकांनी बळजबरीने उघडले, असे डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्याला सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत ते जगभर गेले. त्या रात्री मृतांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण तपासण्यासाठी नमुने घेण्यात आले. त्यातून लहान मुलेही सुटली नाहीत. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, 'द सन' या विपुल खपाच्या दैनिकाने पहिल्या पानावर 'सत्य' अशा अर्थाचा प्रचंड मथळा देऊन त्याखाली छापले, की काही पाठिराख्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर मूत्रविसर्जन केले आणि एका जखमीला श्वास देणाऱ्या पोलिसाला मारहाण केली. हा मजकूर शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेकडून आला होता, आणि तिला तो काही पोलीस अधिकारी व एक संसदसदस्य यांच्याकडून मिळाला होता. संपादक केल्व्हिन मॅकेन्झी यांनी शहानिशा न करता मथळा स्वतः निश्चित केला.

माझ्या प्रश्नाची खरी कसोटी येथे लागते. या प्रकरणात तटस्थ कोण होते आणि आसक्त कोण होते? दैनिकाचा कोणताही क्लब नव्हता. संसदसदस्याचा आणि पोलीस खात्याचा फुटबॉलमधील कोणत्याच पक्षाशी संबंध नव्हता. उलट लिव्हरपूलचे पाठिराखे लाल गळपट्टे घालून, आपल्या संघाचे गीत गात तेथे गेलेले, म्हणजे आसक्तीची सर्व लक्षणे अंगावर बाळगणारे लोक होते. आसक्ताची साक्ष टाकाऊ आणि तटस्थाची ग्राह्य, हा नियम येथे लावला, तर सत्य कोणाच्या पदरात पडते, हे इंग्लंडने पाहिले. लोकांनी वर्षानुवर्षे वृत्तपत्राचे प्रमाण मानले, आणि ज्यांनी स्वतःच्या हातांनी प्रेते उचलली होती त्यांना स्वपक्षाभिमानी म्हणून बाजूस सारले.

न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने शब्दप्रमाणाचा विचार करताना आप्त कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. वस्तू ज्याने प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, अशी पुस्ती तो जोडतो. मला या विवेचनाची थोरवी दोन ठिकाणी दिसते. पहिली ही, की कुळ, विद्या आणि अधिकारपद यांना त्याने साक्षीच्या ग्राह्यतेत स्थान ठेवले नाही. लिव्हरपूलच्या गोदीवर काम करणारा मजूर आणि लंडनमधील प्रतिष्ठित संपादक हे दोघे त्याच्यापुढे एकाच पायरीवर उभे राहतात, आणि कोणी काय पाहिले एवढेच त्यांना विचारले जाते. दुसरी याहून सूक्ष्म आहे. वेदांचे प्रामाण्य सिद्ध करताना आप्तांच्या गुणांत तो भूतदयेचाही समावेश करतो. ज्याला प्राणिमात्रांविषयी कळवळा आहे तोच त्यांना यथार्थ ते सांगेल, असा त्याचा आशय दिसतो. चरकाने आप्ताला रज आणि तम यांपासून मुक्त असण्याची अधिक कडक अट घातली आहे, हे मी विसरलेलो नाही; परंतु तशी माणसे अदालतीच्या दारात क्वचितच सापडतात, आणि सामान्य माणसांच्या व्यवहाराला वात्स्यायनाचे लक्षणच उपयोगी पडते. त्या लक्षणात कोरडेपणा कोठेही मागितलेला नाही. ज्याला कोणाविषयीच काही वाटत नाही, त्याला सत्य सांगण्याचे तरी अगत्य कशासाठी वाटावे?

हे लिहिताना एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. हिल्सबरोच्या आधी चार वर्षे, २९ मे १९८५ रोजी, ब्रसेल्समधील हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांच्यात युरोपीय चषकाचा अंतिम सामना व्हावयाचा होता. सामन्यापूर्वी लिव्हरपूलच्या काही पाठिराख्यांनी शेजारच्या प्रेक्षकांवर चाल केली, घाबरलेले लोक भिंतीकडे रेटले गेले, ती भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली; त्यांत बहुतेक इटालियन होती. मैदान मोडकळीस आलेले होते, तिकीटविक्री व बंदोबस्तात अक्षम्य ढिलाई होती, हे सर्व खरे. पण चाल करून जाणारे पाय लिव्हरपूलच्याच लोकांचे होते, आणि पुढे बेल्जियमच्या न्यायालयात त्यांतील चौदा जणांना शिक्षाही झाल्या. इंग्लिश क्लबांना युरोपातील स्पर्धांतून पाच वर्षे, आणि लिव्हरपूलला सहा वर्षे, दूर राहावे लागले. १९८९ मधील असत्य लोकांना इतक्या सहज खरे वाटले, याचे मोठे कारण हेझेलमध्ये आहे. एकदा गुन्हा केलेल्या समूहाविषयी काहीही सांगितले तरी ते पटते; दर प्रसंगी नव्याने पुरावा मागण्याचे कष्ट मन घेत नाही. सामूहिक अपकीर्ती ही अशी भयंकर वस्तू आहे, की पूर्वीचे खरे पाप नंतरच्या खोट्या आरोपाला जामीन राहते, आणि जे चौदा जण दोषी होते त्यांची शिक्षा ज्यांनी कधी कोणाला धक्काही लावला नाही अशा हजारोंना भोगावी लागते.

म्हणून हिल्सबरोच्या मृतांच्या कुटुंबांपुढील सत्य सिद्ध करण्याचे काम दुहेरी अवघड होते. चार महिन्यांच्या आत लॉर्ड जस्टिस टेलर यांनी आपल्या अंतरिम अहवालात पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे दुर्घटनेचे मुख्य कारण ठरवले आणि मृतांच्या विटंबनेच्या आरोपांना आधार नसल्याचेही नमूद केले. तरीही १९९१ मध्ये कॉरोनरच्या चौकशीचा निकाल अपघाती मृत्यू असाच लागला, आणि त्या चौकशीत सव्वातीननंतरच्या घटनांचा पुरावाच घेतला गेला नाही. पुढे वकिलांच्या कचेऱ्या, खलिते, अर्ज, फेटाळलेले अर्ज, पुन्हा अर्ज. या लोकांनी सहानुभूती मागितली नाही. दप्तर उघडा, कागद दाखवा, जबान्या दाखवा, एवढेच मागितले. लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र मंडळाने २०१२ च्या सप्टेंबरात ते दप्तर लोकांपुढे ठेवले, तेव्हा असे दिसून आले, की पोलिसांच्या १६४ जबान्यांत महत्त्वाचे फेरफार करण्यात आले होते आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांना प्रतिकूल असलेला मजकूर काढून किंवा बदलून टाकला होता. शिवाय योग्य उपचार मिळते तर ४१ जणांचे प्राण कदाचित वाचले असते. पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. डकनफील्ड यांनी फाटकाविषयी आपण खोटे बोललो हे २०१५ मध्ये शपथेवर कबूल केले, आणि २६ एप्रिल २०१६ रोजी वॉरिंग्टन येथील नव्या चौकशीच्या ज्यूरीने तोवर मृतांत गणलेल्या सर्वांचा बेकायदा वध झाला, आणि पाठिराख्यांच्या वर्तनाचा या दुर्घटनेत काहीही हात नव्हता, असा निकाल दिला.

मर्सी नदीकाठच्या त्या प्रदेशात 'द सन' विकत न घेण्याचा निर्धार १९८९ पासून आजतागायत पाळला जातो. तो मोडावा म्हणून त्या दैनिकाने २००४ मध्ये पानभर क्षमायाचना छापली, तिचाही उपयोग झाला नाही. त्या निर्धारात लिव्हरपूलचा प्रतिस्पर्धी असलेल्या एव्हर्टनच्या पाठिराख्यांचाही वाटा आहे, याला मी फार महत्त्व देतो. दुर्घटनेनंतरच्या आठवड्यात स्टॅन्ले पार्क ओलांडून दोन्ही क्लबांच्या मैदानांना जोडणारी सुमारे मैलभराची साखळी लाल आणि निळ्या गळपट्ट्यांचीच होती. स्वपक्षाभिमान एवढेच जर त्या संतापाचे मूळ असते, तर एव्हर्टनचे निळे गळपट्टे त्यात बांधले गेले नसते.

आता पहिल्या फिर्यादीकडे येऊ. आपल्या खेळाडूला अन्यायाने दोष दिला, आपल्या विजयाचे कौतुक केले नाही, म्हणून दर शनिवारी चडफडणारा पाठिराखा आणि सत्तावीस वर्षे कागद मागणारी ती कुटुंबे, या दोघांची जात एकच आहे काय? बाहेरून पाहता दोघेही आपल्या पक्षाविषयी आसक्त आणि वृत्तपत्रांवर रुष्ट आहेत. मला भेद दिसतो तो फिर्यादी काय मागतो यात. पहिल्याला वृत्तपत्राने आपला पक्ष घ्यावा असे हवे असते. तो त्याने घेतला की त्याची तक्रार मिटते, मग दुसऱ्यावर अन्याय झाला तरी त्याला त्याचे सुखदुःख नसते. दुसऱ्याला चौकशी हवी असते, आणि खरी चौकशी मागणाऱ्याने तिचा निकाल स्वतःविरुद्धही जाऊ शकतो हा धोका पत्करलेला असतो. दप्तर उघडल्यावर आपल्याच माणसांचे दोष त्यातून बाहेर पडले असते तर त्या कुटुंबांना ते ऐकावेच लागले असते. आसक्ती ज्याला पुराव्यापासून पळवते त्याची साक्ष मी घेणार नाही. ज्याला ती पुराव्याकडे ओढून नेते त्याची घेईन, आणि त्याच्या डोळ्यांतले पाणी हे त्याच्याविरुद्धचे प्रमाण मानणार नाही. महाभारतातील संजय धृतराष्ट्राचा आश्रित होता, त्याच्या अन्नावर वाढलेला होता, आणि कौरवांच्या नाशाचे त्याला खरोखर दुःख होते. तरी भीष्म पडल्याची वार्ता त्याने मालकाला आहे तशी सांगितली, आणि या पराभवाला तुझी अनीती कारण आहे असेही वेळोवेळी ऐकवले. असा बातमीदार आपल्या सर्व वाङ्मयात मला दुसरा माहीत नाही.

जे सत्य स्वतःच्या पक्षालाही बोचते, ते बोलणे लिव्हरपूलच्या लोकांना कितपत साधले? हेझेलच्या बाबतीत बरेच दिवस साधले नव्हते, असे म्हणावे लागते; मृतांचे स्मरण त्या क्लबाने पुरेशा ठळकपणे केले नाही, ही इटालियन कुटुंबांची व्यथा निराधार नव्हती. २००५ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस वीस वर्षांनी पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावरील प्रेक्षकांनी हातांतील रंगीत पाट्या उंचावून इटालियन भाषेत मैत्रीचा शब्द उमटवला. पाहुण्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या. काहींनी त्या शब्दाकडे पाठ फिरवली. पाठ फिरवणारांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. ज्या शहराने स्वतः क्षमायाचनेची जाहिरात स्वीकारली नाही, त्याने दुसऱ्यांच्या अस्वीकाराचा अर्थ जाणला पाहिजे, आणि माझी समजूत अशी आहे की तेथील विचारी लोकांनी तो जाणला.

ही परीक्षा संपलेली नाही. इंग्लंडच्या मैदानांवर आजही प्रतिस्पर्धी क्लबांचे काही लोक हिल्सबरोच्या मृतांवरून लिव्हरपूलला हिणवतात; २०२३ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात एक मनुष्य मृतांची संख्या पुरेशी नाही असे सुचवणारा सदरा घालून आला आणि त्याला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. परंतु लिव्हरपूलच्या पाठिराख्यांतील काहींनी मँचेस्टर युनायटेडला म्युनिकवरून तसेच हिणवले आहे, आणि म्युनिक म्हणजे ६ फेब्रुवारी १९५८ चा तो विमान-अपघात, ज्यात २३ माणसे मेली. त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते, आणि त्यांच्या सामन्याची हकीकत लिहिण्यासाठी गेलेले आठ बातमीदारही होते. त्या आठांतील फ्रँक स्विफ्ट हे स्वतः एके काळचे इंग्लंडचे गोलरक्षक होते. २०२३ च्या मार्चमध्ये दोन्ही क्लबांच्या प्रशिक्षकांनी, युर्गेन क्लोप आणि एरिक टेन हाग यांनी, अशा घोषणा बंद कराव्यात म्हणून संयुक्त आवाहन केले. 'द सन'ने केलेल्या अन्यायाची आठवण ठेवणाऱ्या प्रत्येक लिव्हरपूलकराने, शेजारी उभा असलेला आपलाच सोबती म्युनिकचे गाणे म्हणू लागला, तर तेथल्या तेथे त्याला गप्प करावे, एवढी अपेक्षा मी त्याच्याकडून करतो, आणि ज्याने सत्तावीस वर्षे कागद मागितले त्याला ती जड वाटू नये.